दारावरचा नंबर आणि दारामागची माणसं

हैदराबादच्या जुन्या वस्त्यांत घरांना नंबर देण्याची एक खास रीत आहे. आधी वॉर्डाचा आकडा, मग ब्लॉकचा, मग घराचा, आणि प्रत्येकाच्या मध्ये आडवी रेघ. घराच्या वाटण्या झाल्या की शेवटच्या आकड्यापुढे तिरकी रेघ येते आणि तिच्यापुढे एक, दोन, तीन. वाटणीचीही वाटणी झाली तर ए, बी, सी. गौलीगुड्यातल्या ज्या वाड्यात माझं लहानपण गेलं, त्याच्या दारावर मात्र एकच नंबर होता आणि आत नऊ बिऱ्हाडं होती. बहुतेक मराठी, दोन तेलुगू, एक कानडी, माडीवर एक मारवाडी कुटुंब. पोस्टमन दारात उभा राहून नाव पुकारायचा. नंबराने त्याला दारापर्यंत आणलेलं असायचं. त्यापुढे नंबराचा काही उपयोग नव्हता.

दाराशी पहिल्या खोलीत एक काकू राहायच्या. टपाल त्यांच्या हातात पडायचं आणि त्या ते ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या. त्यांनी कधी कुणाचं पाकीट फोडलं नाही. तरीही कुणाचा मुलगा पुण्याहून दर आठवड्याला लिहितो, कुणाला बँकेची नोटीस आली आहे, कुणाच्या घरी परभणीहून येणारी पत्रं अचानक थांबली आहेत, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. पाकिटावर जे लिहिलेलं असतं तेवढ्यावरून माणसाचं आयुष्य किती वाचता येतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून शिकलो.

पुढे तीसेक वर्षं नेटवर्कच्या कामात गेली. संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे काय, तो लपवता येतो का, लपवावा का, असं कुणी विचारलं की मी अजूनही त्या वाड्याच्या दारापासून सुरुवात करतो. हे पुस्तक अशाच प्रश्नांतून तयार झालं. गल्लीतल्या आजी-आजोबांची मुलं डॅलसला आणि सिडनीला आहेत, नातवंडं फोनवर दिसतात, पेन्शन फोनवर तपासली जाते, आणि कुठेतरी कानावर पडलेलं असतं की व्हीपीएन टाकलं की आपण कुणाला दिसत नाही. या एका वाक्यात अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं सांगायला दोनशे पानं लागली.

आता थोडं यंत्राबद्दल. आज आपण वापरतो त्या आयपी पत्त्याचा जुना नमुना सप्टेंबर १९८१ मध्ये कागदावर पक्का झाला. चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा शून्य ते २५५. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असणार. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा ती अपुरी पडणार हे जाणकारांना दिसू लागलं होतं. अखेर ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठाही आटला. टंचाई भागवायला आमच्या वाड्याचीच युक्ती आधीपासून वापरली जात होती, पुढे इंटरनेट कंपन्यांनीही ती उचलली. बाहेर एक नंबर, आत अनेक बिऱ्हाडं. तुमच्या घरातल्या राउटरमागे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप यांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी नंबर मिळतात आणि जगाला मात्र एकच नंबर दिसतो. पुष्कळदा त्या एका नंबरामागेही कंपनीने शेकडो घरं बसवलेली असतात.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या लांबलचक पत्त्यांत ही टंचाई नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, त्यानंतर भारतात हे नवे पत्ते झपाट्याने पसरले आणि आज त्यांच्या वापरात आपण जगात आघाडीवर आहोत. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर मिळू शकतो. म्हणजे वाडा पडून अपार्टमेंट झाली आणि प्रत्येक फ्लॅटला वेगळी घंटा बसली. सोय झाली, पण गर्दीचा आडोसा गेला. तो काही अंशी परत मिळावा म्हणून आधुनिक यंत्रं आपल्या पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून बदलत राहतात. त्याचा तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे.

या नंबरावरून कुणाला काय कळतं? ज्या वेबसाइटवर तुम्ही जाता तिला तुमची इंटरनेट कंपनी कळते आणि अंदाजे शहर कळतं. अंदाजे म्हणजे खरोखर अंदाजेच. गौलीगुड्यात बसून मी फोनवरून पाहतो तेव्हा काही वेळा माझा पत्ता चेन्नई दाखवतो, काही वेळा बंगळुरू. घर, मजला, नाव हे वेबसाइटला कळत नाही. ते फक्त कंपनीच्या वहीत असतं: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक नंबर अमुक ग्राहकाकडे होता. नंबर फिरता असतो, म्हणून त्या वहीत वेळेला सर्वांत जास्त किंमत आहे. आपली वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांच्यात साडेपाच तासांचं अंतर असतं. तेवढं विसरलं तर वही दुसऱ्याच घराकडे बोट दाखवते.

इथे मला ऑगस्ट २००७ बद्दल लिहायचं आहे. या पुस्तकाचं जे काही म्हणणं आहे ते त्या एका महिन्यातून आलेलं आहे.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार. संध्याकाळी हैदराबादेत लुंबिनी पार्कमध्ये आणि कोटीच्या गोकुळ चाट या खाऊच्या दुकानात स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसं गेली. गोकुळ चाट आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोटीत पुस्तकं घ्यायची, सुलतान बाजारात कापड बघायचं आणि परतताना तिथे थांबायचं, हा गौलीगुड्यातल्या कित्येक घरांचा शनिवारचा क्रम होता. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही. कोण घरी आलं, कोण नाही, हे दारोदार विचारत फिरत होतो. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं की प्रत्येक माणसाच्या प्रत्येक नंबराची नोंद सरकारने ठेवावी का, तर मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं असतं.

त्याच महिन्याच्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळुरूहून एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. गुगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला होता. गुगलकडून आयपी पत्ता मिळाला, दूरसंचार कंपनीने त्या पत्त्यापुढे या तरुणाचं नाव लिहून दिलं, आणि तो येरवड्याच्या तुरुंगात गेला. पन्नास दिवसांनी तो बाहेर आला. कंपनीने दिलेलं नाव चुकीचं होतं. तो नंबर त्याचा नव्हताच.

या दोन घटनांमध्ये आठवडाभराचंही अंतर नाही. पहिलीने मला सांगितलं की शोधता आलं पाहिजे. दुसरीने सांगितलं की नंबर सापडला म्हणजे माणूस सापडला असं धरून चालणं किती भयंकर आहे. दोन्ही गोष्टी मी तेव्हापासून सोबत बाळगतो आहे आणि एकीला दुसरीवर मात करू द्यायची नाही हे ठरवून पुस्तक लिहिलं आहे.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात याचं आणखी एक रूप दिसलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना एक ईमेल गेला होता आणि त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटचा निघाला. तिथे एक अमेरिकन कुटुंब भाड्याने राहत होतं. त्यांच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि इमारतीजवळ येऊन कुणीतरी ते वापरलं होतं. नंतरचे तसेच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कार्यालयाच्या जोडणीवरून गेले. म्हणजे ज्यांना खरोखर लपायचं होतं त्यांनी आपला पत्ता झाकला नाही, दुसऱ्याचा पांघरला. चौकशीला सामोरं जावं लागलं ते दार उघडं ठेवणाऱ्यांना. वाय-फायला मजबूत पासवर्ड लावा, हा या पुस्तकातला पहिला सल्ला आहे तो त्यामुळे. व्हीपीएनचा क्रमांक त्यानंतर लागतो.

मग साध्या, सरळ माणसाला पत्ता लपवण्याचं काय कारण? हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि तो विचारणारे सहसा सज्जनच असतात. त्यांना मी वाड्यातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. तिची काही पत्रं बडीचावडीच्या एका मैत्रिणीच्या पत्त्यावर येत आणि मैत्रीण ती दुसऱ्या पाकिटात घालून वाड्यावर पाठवी. काकूंना पाकिटावर मैत्रिणीचं अक्षर दिसे. आत कुणाचं अक्षर होतं ते वाड्याला दोन वर्षांनी, लग्नपत्रिका छापल्या तेव्हा कळलं. ताईने काही गैर केलं नव्हतं. स्वतःचा निर्णय स्वतःच्या वेळेला जाहीर करण्याएवढी जागा तिला हवी होती. आजाराची माहिती शोधणारी बाई, नवी नोकरी पाहणारा कारकून, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल कायदा वाचणारी मुलगी, बातमीसाठी कागद मिळवणारा पत्रकार, या सगळ्यांना तीच जागा हवी असते.

आणि आपल्या शहराला हे नवीन नाही. निजामाच्या काळात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली ती तिची नीट स्थापना होण्याच्याही आधी. गौलीगुड्याच्या शेजारी जांबागेतल्या, १९०७ मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी मराठी शिक्षण जिवंत ठेवलं ते अशा वातावरणात. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना रात्री घरी परतताना काचीगुड्यात मारलं गेलं. ते स्वतःच्या नावाने, उघडपणे लिहीत होते, आणि त्यांची घरी जाण्याची वाट मारेकऱ्यांना ठाऊक होती. लिहिणाऱ्याचा पत्ता चुकीच्या हाती पडला की काय होतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला देता येणार नाही.

मुंबईत त्याआधी सहा वर्षं उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जेमतेम अडीच महिने. आपण भारतात कुठून तरी बोलतो आहोत एवढंच ते श्रोत्यांना सांगत, तरंगलांबी सांगत, जागा कधीच सांगत नसत. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं लागे. आवाज सगळ्यांपर्यंत पोचावा आणि ठिकाण कुणालाच कळू नये, हा आजच्या अभियंत्यांपुढचा प्रश्न त्या तरुणांनी गिरगाव-चौपाटीच्या परिसरात सोडवायचा प्रयत्न केला होता. शेवटी त्यांना गाठलं ते आतल्या माणसाकडून मिळालेल्या माहितीवरून. हा धागा मी पुस्तकात पुन्हा पुन्हा उचलला आहे, कारण पत्ता लपवण्याच्या प्रत्येक साधनात कुणीतरी एक आतला माणूस असतोच.

व्हीपीएनमधला आतला माणूस म्हणजे ताईची मैत्रीण. तुमचा सगळा संवाद कुलूपबंद पाकिटात व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून पुढे त्या सर्व्हरच्या पत्त्याने बाहेर पडतो. इंटरनेट कंपनीला, म्हणजे दारातल्या काकूंना, एवढंच दिसतं की तुम्ही मैत्रिणीशी बोलता आहात. वेबसाइटला मैत्रिणीचा पत्ता दिसतो. मैत्रिणीला मात्र दोन्ही टोकं दिसतात. तुम्ही गुपित नाहीसं केलेलं नाही, ते ठेवायला दुसरं माणूस निवडलं आहे. मग सगळा प्रश्न ते माणूस कसं आहे यावर येऊन थांबतो.

फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन ॲप लोकांनी माहिती सुरक्षित राहावी म्हणून घेतलं, आणि ते लोक कोणती ॲप किती वेळ वापरतात याची माहिती त्याच ॲपमधून फेसबुककडे जात राहिली. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणी दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होला नावाच्या दुसऱ्या एका फुकट सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झालं की ती तिच्या वापरकर्त्यांचीच इंटरनेट जोडणी तिऱ्हाइतांना विकत होती. म्हणजे कुणा परक्याची वाहतूक तुमच्या घराच्या नंबरावरून बाहेर पडणार. सानपाड्याचा फ्लॅट आठवा. फुकट व्हीपीएनबद्दल माझं मत कडक आहे आणि ते मी कुठेही सौम्य केलेलं नाही.

एका माणसावर एवढा भरवसा ठेवायचा नसेल तर टॉर नावाचं जाळं आहे. ते समजावताना मला गौलीगुड्याचा जुना बसस्टँड आठवतो. पन्हाळी पत्र्याची ती प्रचंड कमान, लोक तिला मिसिसिपी हँगर म्हणत. १९९४ मध्ये इमलीबनचा नवा स्टँड होईपर्यंत शहराबाहेरच्या गाड्या तिथून सुटायच्या. ५ जुलै २०१८ ला ती कमान कोसळली. समजा तिथून कुणी नांदेडला निघालं आणि थेट गाडी न घेता कामारेड्डीला एकदा आणि निजामाबादला एकदा गाडी बदलली. पहिल्या कंडक्टरला माहीत आहे की हा गौलीगुड्याला चढला, पण तो कामारेड्डीला उतरून कुठे गेला ते माहीत नाही. मधल्याला सुरुवातही माहीत नाही आणि शेवटही. तिसऱ्याला नांदेड माहीत आहे, पण माणूस मुळात कुठला ते नाही. टॉरमध्ये असेच तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं पाकीट असतं. ही कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती खुली करण्यामागचं कारण मला फार आवडतं. फक्त नौदलच ते वापरत असेल तर वापरणारा प्रत्येक जण नौदलाचा हे उघडच होणार. गर्दी असेल तरच लपता येतं, आणि गर्दीत सर्व प्रकारची माणसं असावी लागतात.

गर्दी नसली की काय होतं ते डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये दिसलं. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. विद्यापीठाच्या वाय-फायवरून त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच होते, म्हणून पोलिस थेट त्याच्या खोलीवर गेले. त्याने जे केलं ते गुन्हाच होता. पण त्यातून दिसतं ते असं की तोंडावर फडकं बांधलेला माणूस रिकाम्या रस्त्यावर आणखीच नजरेत भरतो.

आणि नंबर झाकला तरी बाकीचं काय? व्हीपीएन लावून तुम्ही स्वतःच्या नावाच्या ईमेलमध्ये शिरलात की ओळख तिथेच दिलीत. ब्राउझरच्या कुकीज कालच्या भेटीची खूण आजही दाखवतात. तुमच्या पडद्याचा आकार, त्यातले फॉन्ट, भाषा, घड्याळ यांची मिळून एक ठेवणच बनते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१० च्या पाहणीत ८३ टक्क्यांहून अधिक ब्राउझर या ठेवणीवरून एकमेवाद्वितीय निघाले होते. ज्याच्या यंत्रात मराठी फॉन्ट आणि देवनागरी कीबोर्ड आहे, त्याने सिंगापूरचा पत्ता लावला तरी त्याची बोली लपत नाही. सहावं प्रकरण पूर्णपणे यावर आहे आणि ते टाळू नये अशी माझी विनंती आहे. व्हीपीएनने ‘डिजिटल अटक’ म्हणून धमकावणाऱ्या ठगापासून संरक्षण मिळत नाही, हेही तिथे स्वच्छ लिहिलं आहे. तो तुमच्या फोनवर येतो. तेव्हा फोन ठेवा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक लावा.

कायद्याबद्दल थोडं. भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही, जरी जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने त्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढले आहेत. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढला की व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी क्रमांक आणि वापराचं कारण पाच वर्षं किंवा अधिक काळ जपून ठेवावं. एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन या कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच काढून घेतले. परदेशातल्या आपल्या मुलांना भारतीय पत्ता हवा असतो तेव्हा त्यांतल्या काही सेवा तो आता सिंगापुरातल्या यंत्रावरून देतात. नोंद ठेवली पाहिजे असं सरकार म्हणतं तेव्हा मला गोकुळ चाट आठवतं. पण प्रत्येकाची, पाच वर्षं, कुठलाही संशय नसताना? तिथे माझं मत वेगळं आहे. वही जितकी मोठी, तितकी तिच्यातली चूक आणि चोरी मोठी, हे येरवड्यातल्या त्या पन्नास दिवसांनी दाखवलेलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी व्यक्तिस्वातंत्र्याविषयीचा आणीबाणीतला तो निकाल रद्दबातल ठरवला, ज्यात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड बहुमतात होते. त्या दिवशी तो निकाल मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो.

वाचकांनी पुस्तक कसं वापरावं याबद्दल शेवटी एक सुचवतो. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक कागद घ्या. घरच्या वाय-फायवर असताना तुमचा आयपी पत्ता कोणता दिसतो आणि शहर कोणतं दाखवतो ते लिहा. मग वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच पाहा. शेजारच्या मावशींच्या घरी, त्यांना विचारून, पुन्हा पाहा. राउटर बंद करून सुरू करा आणि परत पाहा. प्रत्येक नंबरापुढे तारीख आणि वेळ नीट लिहा. कोणता बदलला, कोणता तसाच राहिला, कोणत्या शहरात तुम्ही कधी गेलाच नव्हता, हे त्यात दिसेल. माझ्याकडे असा एक कागद आहे, गल्लीतल्या अकरा घरांचा. त्यातल्या चार घरांपुढे बाहेरचा नंबर एकच आहे. ती चारही घरं आता नव्या इमारतींत आहेत, आणि या चौघांचंही टपाल एके काळी एकाच दारात यायचं.